वरातीच्या पुढे चालणारी माणसं

लग्नतिथी दाट असली की पारोळ्याच्या किंवा अमळनेरच्या बाजारपेठेत एक प्रसंग हमखास घडतो. एका गल्लीतून एक वरात येते, समोरच्या गल्लीतून दुसरी. दोन्हींच्या पुढे बँड. चौक अरुंद. मागे घोडा, घोड्यामागे वऱ्हाड, कडेने दिव्यांचे खांब घेतलेल्या बाया आणि सगळ्यांत शेवटी जनरेटरची गाडी. मागे सरकायला कुणालाच जागा नसते. दोन्हीकडची पोरं ओरडू लागतात, ‘मास्तर, वाजाडा! मांगे सरकू नका!’

बघणाऱ्यांना वाटतं, आता दोन बँडची जुंपली. आत काय चालतं ते फक्त आम्हा बँडवाल्यांना ठाऊक असतं. दोन मास्तरांची नजरानजर होते. एक जण क्लॅरिनेट किंचित वर उचलतो. त्याचा अर्थ, ‘आधी तू.’ समोरचा मुखडा आणि एक अंतरा वाजवतो, तोवर आमचे ढोल हळूच त्याचा ठेका धरतात. तो समेवर येऊन थांबला की त्याच सुरावरून आम्ही आमचं गाणं उचलतो. पोरांना मुकाबला मिळतो, वरात पुढे सरकते आणि कुणाचा अपमान होत नाही.

असं जमतं, कारण समोरचे लोक परके नसतात. दाट तिथीला माणसं अपुरी पडतात, तेव्हा बँडमालक एकमेकांकडून वाजवणारे उसने घेतात. काल आमच्यात ट्रम्पेट वाजवणारा आज निळ्या कोटात समोर उभा असतो. एकदा आमच्या युफोनियमवाल्याचा थोरला भाऊ समोरच्या पार्टीत होता. दोघांच्या हातात तेच वाद्य, दोघांचा गुरू एकच. पब्लिक ‘हरवा, हरवा’ म्हणून ओरडत होतं आणि हे दोघे एकमेकांना दम पुरवत होते. थोरला श्वास घ्यायला थांबला की धाकटा खालचा सूर धरून ठेवी. धाकटा थांबला की थोरला. त्या चौकात दोन पार्ट्यांमधून एकच अखंड सूर वाहत होता. वऱ्हाडातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. आम्हा सगळ्यांच्या आलं.

मी खानदेशातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आलो. जळगाव, धुळे, चोपडा, शिरपूर, साक्री या भागातल्या वराती आम्ही पुढून पाहिल्या. लोक बँडला कोटाच्या रंगावरून ओळखतात. कोटाच्या आतल्या माणसाला काय काय येतं, हे सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

काळी पाच

बँडवाल्याचं सगळं गणित काळी पाचपासून सुरू होतं. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम ही तिन्ही वाद्यं बी फ्लॅटची, म्हणजे हार्मोनियमवरच्या काळी पाचची. अल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. गाणं मात्र रेकॉर्डवर कोणत्याही पट्टीत असू शकतं. आता बँडच्या गाडीवर कीबोर्ड आला आहे, त्याची पट्टी बटण दाबून बदलता येते. फुंकून वाजवणाऱ्याला ती बोटांनी बदलावी लागते, तीही चालता चालता. गायकाचा आवाज चढत नाही असं दिसलं की आमचे मास्तर चालतानाच हात पाठीमागे नेऊन बोटं दाखवत. तेवढ्यावरून मागच्या तीन रांगांना नवा ‘सा’ कळायचा. आमच्यातल्या बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नाही. मास्तरांच्या वहीत सरगम लिहिलेली असे, बाकी सगळं कानाने. पूर्वी टेपरेकॉर्डरवर कॅसेट मागे-पुढे करून चाल बसवत, आता मोबाइलवर. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ गाजलं तेव्हा एका रात्रीत बसवावं लागलं, कारण दुसऱ्या दिवसाच्या सुपारीत ते नसतं तर वरपक्षाने वरात हलूच दिली नसती.

मग ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असतो आणि लग्नंही त्याच महिन्यात. हवा तापली की तिच्यातून जाणाऱ्या आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. गाडीवरचा कीबोर्ड जागचा हलत नाही. म्हणून दुपारच्या वरातीआधी ट्रम्पेटवाला आपली सुराची नळी थोडी बाहेर ओढून ठेवतो, क्लॅरिनेटवाला वरचा जोड किंचित सैल करतो. संध्याकाळी गार वारा सुटला की ते परत आत. ऊन लागलेल्या ट्रम्पेटची मोहरी ओठाला चटका देते, म्हणून ती ओल्या रुमालात गुंडाळून ठेवायची. क्लॅरिनेटची पत्ती वाळली की तडकते, म्हणून दोन गाण्यांच्या मधे ती तोंडात धरायची. ओठांना खोबरेल तेल, खिशात कांदा आणि अंगात अस्तर लावलेला जाड कोट. कुणी भोवळ येऊन बसला तर रांग मोडत नाही. मागचा पुढे येतो, दिवाबत्तीवाल्या बायांपैकी कुणीतरी बसलेल्याच्या डोक्यावर पाणी ओतते आणि गाणं चालूच राहतं.

वाद्यं येतात मेरठहून. तिथल्या जली कोठी भागात घराघरांत पितळ ठोकलं जातं. नादिर अली आणि कंपनी हे त्यातल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक, १८८५ सालापासूनचं. पलटणींची ही वाद्यं लग्नाच्या मांडवात आली आणि आपल्या गाण्यांची झाली. पलटणीची कवायत खानदेशाला नवी नव्हतीच. जेम्स आउट्रमने १८२५ साली धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, तेव्हापासून या मातीत कवायत आहे. लग्नाच्या बँडमधला कोट, टोपी, खांद्यावरची सोनेरी झालर हे सगळं त्याच लष्करी चालीचं.

कानबाईच्या आजी

श्रावणात लग्नं नसतात, पण कानबाई असते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. त्या सकाळी जळगाव-धुळ्यात एकही बँड रिकामा मिळत नाही. पाऊस चालू असतो. कातडी ढोल सैल पडतात. पूर्वी आडोशाला वर्तमानपत्रं पेटवून त्यावर ढोल शेकायचे. आता प्लास्टिकचं पान आलं, पण त्याचा नाद कोरडा लागतो. म्हणून आमच्यातला एक म्हातारा ढोलवाला कातडी ढोल सोडायला तयार नव्हता. पावसात तो आपला सदरा काढून ढोलावर घालायचा आणि स्वतः भिजायचा.

अशाच एका विसर्जनात मास्तरांनी कानबाईचं गाणं धरलं. कॅसेटवर ऐकून बसवलेलं, सफाईदार. फुगडी खेळणाऱ्या बायांमधून एक आजी बाहेर आल्या, मास्तरांच्या कोपराला हात लावून म्हणाल्या, ‘भाऊ, चाल अशी नही शे. आयक.’ आणि त्यांनी भर पावसात, ढोलांच्या गलक्यात, मास्तरांच्या कानाशी ओळ म्हणून दाखवली. दुसऱ्या ओळीत एका ठिकाणी सूर खाली उतरून परत वर जात होता, कॅसेटवाल्याने तो सरळ करून टाकला होता. मास्तरांनी सगळा बँड थांबवला. आजींकडून ती जागा तीनदा म्हणवून घेतली, क्लॅरिनेटवर काढली, पाया पडले आणि मग मिरवणूक पुढे गेली. त्यानंतर आम्ही ते गाणं तसंच वाजवलं. अहिराणीच्या किती चाली अशा रस्त्यावर, कुणाच्या तरी आजीकडून घेऊन बँडवाल्यांनी जपल्या आहेत, याची नोंद कुठेच नाही.

गप्प राहण्याचे नियम

कधी वाजवायचं हे मालक ठरवतो. कधी थांबायचं हे मास्तर. ज्या गल्लीत मयत झालं असेल तिथून जाताना बँड गप्प. मशिदीत नमाज चालू असेल तर गप्प. दवाखान्यासमोर गप्प. हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण नवीन पोराला सूर शिकवण्याआधी हे शिकवतात. धुळ्याला आग्रा रोडवरून एक वरात नेत असताना वरपक्षाची पोरं ऐकेनात. नाचाच्या भरात त्यांना थांबायचं नव्हतं. शेजारच्या बोळात दारासमोर बांबू आणि गवऱ्या येऊन पडल्या होत्या. मास्तरांनी वाद्य काखेत मारलं आणि सगळ्या पार्टीने टोप्या काढल्या. तीस माणसं उघड्या डोक्याने, पाय न आपटता त्या बोळावरून गेली. पोरं आपोआप शांत झाली. नवरदेवाच्या वडलांनी नंतर ठरलेल्या पैशांवर वेगळे पैसे दिले. ते मास्तरांनी घेतले नाहीत. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, एवढंच म्हणाले.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा कायदा आहेच. गाडीवरचा गायक आणि कीबोर्ड त्या क्षणी मुका होतो. वरात मांडवापासून अजून लांब असते. तेव्हा उरतं ते फक्त पितळ, कातडं आणि छाती. कित्येक वऱ्हाडींनी खरा बँड पहिल्यांदा तेव्हा ऐकला.

सातासमुद्रापलीकडची रांग

अमेरिकेतल्या बँडचे व्हिडिओ मोबाइलवर पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्या पार्टीतले सगळे डोक्याला डोकं लावून बसले होते. ओळीने शेकडो मुलं-मुली, आमच्यासारखेच कोट आणि झालरी, गुडघे छातीपर्यंत येणारी चाल, मधेच सगळी रांग वाद्यांसकट नाचते आणि सूर हलत नाही. ही कृष्णवर्णीयांची कॉलेजं. गोऱ्यांची दारं बंद होती, त्या काळात गुलामगिरीतून सुटलेल्या समाजासाठी उभी राहिलेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांनी ज्या माणसांच्या मुक्तीसाठी झुंज दिली, त्यांच्या लेकरांची ही विद्यालयं.

तिथे फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतराला लोक जागेवरून उठत नाहीत, कारण मैदानात बँड येणार असतो. सामना संपल्यावरही दोन्ही कॉलेजांचे बँड आळीपाळीने एकमेकांना वाजवून उत्तर देतात आणि प्रेक्षक थांबून राहतात. आमच्या चौकातला मुकाबला तो हाच. न्यू ऑर्लिन्सला ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या दोन विद्यापीठांच्या बँडची लढत ठरलेली असते. अटलांटाला २००३ साली निवडक कॉलेजांच्या बँडचा मोठा मेळा सुरू झाला.

त्यातला विल्यम फॉस्टर यांचा किस्सा मी आमच्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो. फॉस्टर कॅन्सस विद्यापीठात संगीत शिकले. त्यांना वाद्यवृंदाचं संचालन करायचं होतं. तिथल्या एका अधिष्ठात्याने त्यांना सांगितलं की काळ्या संचालकाला नोकरी मिळायची नाही. फॉस्टर यांनी मनाशी ठरवलं, मग मीच असा वाद्यवृंद उभा करीन. १९४६ साली ते फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात गेले आणि १९९८ पर्यंत त्यांनी तिथला ‘मार्चिंग हंड्रेड’ घडवला. चालीची गती, रांगेचे आकार, नाच, सगळं त्यांनी शास्त्राने बांधलं. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १४ जुलै १९८९ रोजी, हा बँड अमेरिकेतर्फे पॅरिसच्या रस्त्यावरून चालला. ग्रॅम्बलिंगचा बँड १९६७ साली पहिल्याच सुपर बोलच्या मैदानात वाजला. टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या बँडला २०२३ साली ग्रॅमी मिळालं.

यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पुरस्कारांची नाही. तिथे बँडमास्तर प्राध्यापक असतो. ट्रम्पेट चांगलं वाजवणाऱ्या मुलाला कॉलेज शिष्यवृत्ती देतं. तो मुलगा त्या बळावर पदवी घेतो, शिक्षक होतो, अभियंता होतो आणि बँडचा कोट घरात जपून ठेवतो. घरच्यांना त्याचा अभिमान असतो.

काळी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ साली याच मार्चिंग हंड्रेडमधला एक ड्रम मेजर त्याच्याच सोबत्यांनी ‘रीत’ म्हणून केलेल्या मारहाणीत मेला. विद्यापीठाने बँड बंद ठेवला, २०१३ साली तो परत उभा राहिला. आमच्याकडेही जुन्या पिढीत ठेका चुकला की साइड ड्रमची काठी बोटांवर बसायची आणि ‘मार खाल्ल्याशिवाय हात बसत नाही’ असं अभिमानाने सांगितलं जायचं. मार खाऊन हात बसत नाही. मार खाऊन कितीतरी चांगली पोरं बँड सोडून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोटाच्या आत

आता आमच्यातल्या एका पोराची गोष्ट. सकाळी कॉलेज, संध्याकाळी बँड. एनसीसीत होता. २६ जानेवारीच्या संचलनात तो ड्रम वाजवत पुढे चालला, तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, प्राध्यापकांनी पाठ थोपटली. फेब्रुवारीत एका लग्नात तोच पोरगा आमच्या दुसऱ्या रांगेत साइड ड्रम वाजवत होता. तोच हात, तोच ठेका. वऱ्हाडात त्याचे तेच प्राध्यापक होते. पोराने टोपी डोळ्यांवर ओढली. त्याची गरज नव्हती. प्राध्यापक त्याच्यापासून हातभर अंतरावरून नाचत गेले, एक नोट ओवाळून त्याच्या ड्रमवर ठेवली आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या रात्री टेम्पोत बसल्यावर तो म्हणाला, ‘मास्तर, सर वाईट नाहीत. त्यांना कोट दिसला, मी नाही दिसलो.’

बँडमध्ये कोण असतं, हे खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. बौद्ध, मातंग, मुसलमान, भिल्ल, गुरव. ज्यांच्याकडे वाजवणं पिढीजात आलं किंवा ज्यांच्याकडे जमीन नव्हती. तिथी संपल्या की हीच माणसं रावेर-यावलला केळीचे घड वाहतात, कापूस वेचतात, भुसावळला हमाली करतात. घड वाहून बोटं जड होतात. पुन्हा सीझन आला की पहिले आठ दिवस क्लॅरिनेटची भोकं नीट झाकली जात नाहीत. यजमान त्यांना ‘ए बँडवाले’ म्हणून हाक मारतो. जेवणाची पंगत शेवटची, बऱ्याचदा मांडवाच्या मागे.

१८७२ साली सुरू झालेल्या जळगावच्या श्रीराम रथोत्सवात रथाच्या चाकाला मोगरी लावून तो वळवणाऱ्या माणसांना मान आहे. त्यांच्या हातात रथाचा जीव असतो हे गावाला कळतं. वरातीचा जीव ज्यांच्या छातीत असतो, त्यांच्या वाट्याला तसा मान आलेला नाही.

वर्षातला एक दिवस मात्र वेगळा असतो. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, आमच्यातले निम्मे लोक कुणाचीही सुपारी घेत नाहीत, मालकाने दुप्पट देऊ केले तरी. त्या दिवशी ते आपापल्या वस्तीत, आपल्या लोकांसाठी, बिनपैशांचे वाजवतात. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली मुक्कामाला होते. त्या आठवणीत दर ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. आमचा ट्रम्पेटवाला दरवर्षी तिथे जातो. वामनदादा कर्डकांची गाणी तो ज्या ताकदीने वाजवतो, ती ताकद लग्नात कधी लागत नाही. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, ‘तिथं लोक आमच्याकडं तोंड करून उभे राहतात.’

मागणी

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचा ‘युवारंग’ महोत्सव ते भरवतं. त्या मैदानावर ब्रास बँडचा मुकाबला व्हावा. बँडमध्ये वाजवणारी किती मुलं आपल्या वर्गात बसतात, हे कॉलेजांना त्या दिवशी कळेल. विद्यापीठाने बँडवाल्यांसाठी छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढावा: स्वरलिपी वाचणं, वाद्याची देखभाल, श्वासाचं आणि कानाचं आरोग्य. वयाची आणि शिक्षणाची अट नको. वर्ग पावसाळ्यात घ्यावेत, तेव्हा लग्नं नसतात. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दल आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्यांसारखे शिस्तीत शिकलेले वादक शिकवायला बोलवावेत. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांना शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावं, त्यांच्या वह्यांतली सरगम आणि कानबाईच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. आणि जो मुलगा ट्रम्पेट वाजवून आपली फी भरतो, त्याची फी त्याच ट्रम्पेटसाठी माफ करावी.

फॉस्टर यांना जे सांगितलं गेलं, ते आमच्या पोरांना रोज न सांगता कळतं. त्यांच्या समाजाला स्वतःचं कॉलेज मिळालं आणि त्या कॉलेजाने बँडला मैदानाच्या मधोमध नेलं. आपल्याकडे कॉलेजं आहेत, मैदानं आहेत, वाजवणारी माणसंही आहेत, तीही तीन जिल्ह्यांच्या गावागावांत. त्यांना आत बोलवायचं काम तेवढं बाकी आहे, आणि ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी येत्या महोत्सवाआधी करावं.